अल कुसैसमधली सोयरीक

"खा ना अम्मी," तहा दबक्या आवाजात म्हणाला.

कुलसुमने चमचा उचलला, रश्श्यात अर्धा बुडवला आणि परत बशीत ठेवला. बोलमध्ये तांदळाच्या पांढऱ्या शेवया होत्या, वर कांद्याची पात आणि मांसाचे पातळ काप. शेजारच्या बशीत लालभडक सॉसेजचे तुकडे. सॉसेज म्हटलं की तिला आधी शंकाच यायची. कशाचं असेल कुणास ठाऊक!

दुबईच्या अल कुसैसमधलं हे व्हिएतनामी हॉटेल रोहिमाच्या घरच्यांचं. रोहिमाशीच लग्न करायचं, असं तहाने परस्पर ठरवून टाकलं होतं. मुसलमानच आहेत ते, असं त्याने शंभरदा सांगून झालं होतं. पण व्हिएतनामचे मुसलमान? रत्नागिरी सोडून शारजात संसार थाटल्यापासून कुलसुमने रोल्लाच्या बाजारात जगभरची माणसं पाहिली होती. हा प्रकार मात्र तिने ऐकलाही नव्हता. चांगला मुलगा हातचा जाऊ नये म्हणून रातोरात मुसलमान झालेले असणार, अशी तिची खात्रीच होती. नवऱ्याने, रफिकने, हात झटकले होते. "तू बघून ये. तू हो म्हणालीस तर इन्शाल्ला करू, नाही तर खलास." त्यामुळे पोराचा निकाल आज तिच्या हातात होता, आणि ती डोळ्यांत तेल घालून बसली होती.

रोहिमाच्या आईने, अमिनाने, दारातच सलाम केला होता. केला असेल. दुबईत सलाम कोण करत नाही? भिंतीवर कुराणातली आयत लावलेली होती. गिऱ्हाईक यावं म्हणून लोक काय वाटेल ते लावतात. आणि गल्ल्याशेजारी रोहिमाची आजी बसली होती, पांढरा रुमाल डोक्याला घट्ट बांधून. ती तर कुलसुमवरून नजरच काढत नव्हती. आधी तिने नेसलेली साडी पाहिली, मग गळ्यातली काळ्या मण्यांची पोत. पाहता पाहता म्हातारीचे डोळे बारीक झाले. सोनं किती ते जोखतेय मेली, असं मनात म्हणून कुलसुमने पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

"हे सॉसेज कशाचं?" तिने हिंदीत विचारलं.

"बीफ का, आंटी," रोहिमा म्हणाली. ती दुबईतच वाढलेली, हिंदी सराईत बोलायची. "नानी खुद बनाती है. हमारे गाँव में, नदी किनारे, रिश्ते की बात हो तो मेहमान को यही खिलाते हैं."

"आणि गोश्त कुठून आणता?"

"नानी खुद जाती है. सामने खड़ी रहकर कटवाती है. किसी पे भरोसा नहीं उसको."

उत्तरं चोख होती. फारच चोख. आधीच पढवून ठेवल्यासारखी वाटली कुलसुमला. हात धुवायच्या निमित्ताने ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात डोकावली. भल्यामोठ्या टोपात हाडं उकळत होती, भाजलेल्या आल्या-कांद्याचा वास सुटला होता. तेवढ्यात अमिनाने फळीवरून एक बाटली काढली आणि तपकिरी पाणी टोपात ओतलं. दारू! कुलसुम सरळ आत शिरली, बाटली हातात घेतली आणि नाकाला लावली. भपकन सुक्या मासळीचा वास आला. ते खारवलेल्या मासळीचं पाणी होतं. अमिना बिचारी गोंधळून हसली.

दारू नव्हती. म्हणजे दारूची बाटली दुसरीकडे कुठेतरी असणार, असं मनाशी म्हणत कुलसुम जागेवर आली. तिने सॉसेजची बशी दूर सारली, बोलही सारला.

"पेट भरा है," तिने सांगितलं, आणि तहाकडे वळून मराठीत म्हणाली, "चल. घरी जाऊन बोलू."

तहाचा चेहरा पडला. 'घरी जाऊन बोलू'चा अर्थ त्याला लहानपणापासून ठाऊक होता. पोराची दया आली तिला, नाही असं नाही. पण आयुष्यभराचा प्रश्न होता, आणि तिचा निर्णय झाला होता.

ती पर्स उचलणार एवढ्यात आजी पहिल्यांदा बोलली. त्यांच्या भाषेत, मोजकंच, कुलसुमने न खाता दूर सारलेल्या बोलकडे बोट दाखवत. अमिनाने मान खाली घातली. रोहिमा तावातावाने आजीशी भांडायला लागली, आणि भांडता भांडताच रडायला लागली.

"काय म्हणतात त्या?" कुलसुमने विचारलं. पकडलं एकदाचं, असं तिला वाटलं.

"कुछ नहीं, आंटी," रोहिमा म्हणाली.

"बोल, बेटा. मला कळायलाच हवं."

रोहिमाने डोळे पुसले. "आंटी, नानी मना कर रही है. बोलती है, लड़के ने शादी के लिए कलमा पढ़ लिया होगा. लेकिन माँ साड़ी पहनकर आई है, गले में काले मोती हैं, और बीफ को तो मुँह तक नहीं लगाया. बोलती है, ये लोग मुसलमान नहीं हैं."

कुलसुमला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. तिचा बाप गावच्या मशिदीत जन्मभर बांग देत आला होता. साडी आणि काळी पोत तर कोकणातल्या मुसलमान बायका पिढ्यान् पिढ्या घालत आल्या होत्या. हे सगळं सांगायला तिने तोंड उघडलं. समोर म्हातारी हाताची घडी घालून बसली होती. तिचा विश्वास बसण्याची काडीची शक्यता नव्हती. आणि शेजारी तहा पाणावल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होता.

कुलसुमने थंडगार झालेला बोल पुढ्यात ओढला, सॉसेजचा सर्वांत मोठा तुकडा त्यात बुडवला आणि म्हातारीकडे बघत, अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बिस्मिल्ला!"