खुर्चीमागचा डाग

"तेवढा खुर्चीमागचा डाग काढ गं," एडिनबरामधल्या लिलावघराच्या सीमाताई दारातूनच म्हणाल्या. "दुपारी गिऱ्हाईक येतंय."

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या संघमित्रासमोर एका जुन्या अमेरिकन चित्रकाराचं स्केचबुक उघडं होतं. खुर्चीत मळ्याचा मालक, पायाशी कुत्रा, दोघंही शाईच्या बारीक रेषांत. मागे पातळ शाईचा पुसट ओघळ. तिने ओला ब्रश कडेने फिरवला, वर टिपकागद दाबला. तपकिरी रंग सुटून टिपकागदावर उतरायला लागला. नीट दिसावं म्हणून तिने दिवा जवळ ओढला आणि तिचा हात थबकला. डागाला डोळे होते.

"झालं का?" सीमाताई आत आल्या.

"ताई, हा डाग नाही. मालकाचा गुलाम उभा आहे. कुत्र्यालासुद्धा रेषा दिल्यात, याला नुसती पाणी घातलेली शाई."

सीमाताई वाकल्या. "मग याचा उजवा हात कुठाय?"

संघमित्राने टिपकागद पुढे केला.