घुटी

"बाळाला दुधाशिवाय काही दिलं नाही ना?" कुंदा सिस्टर रोज विचारत आणि प्रणाली रोज "नाही" म्हणे. सासूबाई चोरून घुटी चाटवतात, हे तिला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी बाळाला जुलाब लागले. डॉक्टर साऱ्या वॉर्डसमोर सिस्टरांवर चिडले. "बाळंतिणीला साधं समजावता येत नाही तुम्हाला?" कळा सुरू असताना दिवसभर प्रणालीची कंबर चोळणारी ती बाई मान खाली घालून उभी राहिली.

सासूबाईंनी डोळ्यांनी दटावलं, तरी प्रणाली बोललीच. "त्यांनी रोज बजावलं होतं. मीच खोटं बोलले."

संध्याकाळी जुलाब थांबले, तेव्हा सिस्टरांनी बाळ तिच्या कुशीत दिलं.

"पाज आधी. रडणं नंतर."

त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. प्रणालीला तेच सोसवेना.