समुद्राचं फूल

बरणीत स्पिरिटमध्ये ठेवलेल्या नमुन्याच्या देठाचं बूड छाटलेलं रूपालीला दिसलं. खोल समुद्रातला फुलासारखा तो प्राणी कुणीच नोंदवला नव्हता. देठाच्या तळाशी मुळांसारखा पंजा होता, त्यावरूनच नवी जात सिद्ध होणार होती. तिच्या भिकारड्या कॉलेजनं कुलपाचं कपाट दिलं नाही, म्हणून एकमेव नमुना तिनं अकोल्याला घरी आणला होता. “आई, हे कोनं छाटलं?” “मी. बूड सडेल होतं. पानीबी बदललं, वास मारे.” आयुष्यभर गुलछडी विकलेली बाई; फूल टिकावं म्हणून जे करतात, तेच तिनं केलं. “तुकडा?” “घंटागाडीत गेला.” “फूल नाही ते! जनावर आहे!” “तूच तं फूल म्हनली होती. खरं कावून नाही सांगितलं?” “तुले समजलं नसतं.” आईनं बरणीकडे पाहिलं. “जनावर म्हनली असती, तं पाय तोडला असता का मी त्याचा?”