तारिणीची चिमूट

इतकं कुंकू खाऊन देवी अशी उलटेल, असं आक्काला वाटलं नव्हतं. शाळेची पायरी न चढता तिनं देवीची नावं देवळात ऐकून पाठ केलेली. दर शुक्रवारी एकेका नावाला ती चिमूटभर कुंकू वाहायची. 'तारिणी' आलं की चिमूट हटकून मोठी. तारिणी म्हणजे तारून नेणारी, आणि लेक मिरकरवाड्याच्या बंदरातून रोज मासेमारीला समुद्रात जाणारा. परवा होडी बुडाली. काल त्याला चादरीत गुंडाळून आणलं. आज शुक्रवार. आक्का करंडा घेऊन देव्हाऱ्यापुढे बसली. "आई, सुतक आहे, देवीला शिवू नका," सून कळवळली. "सुतक लावलं कुणी? तिनंच ना?" नावं सुरू झाली, कुंकवाचा ढीग वाढत गेला. तारिणीपाशी जीभ अडली. चिमटीतलं कुंकू तिनं परत करंड्यात टाकलं आणि मूर्तीला म्हणाली, "बाकीची नावं तुझीच, बाये. हे मी काढून घेतलं."