घरच्या घरी

सकाळपासून गिऱ्हाईक नव्हतं. सलूनवाल्याने रिकामी खुर्ची पुन्हा एकदा पुसली आणि कंटाळून थर्मास घेऊन शेजारच्या टेलरकडे जाऊन टेकला. तिथलं मशीनही झाकलेलंच होतं.

"काय म्हणतोय धंदा?"

"कसला धंदा! लोक हल्ली घरीच सुई-दोरा घेऊन बसतात."

"माझं तरी काय वेगळं? बायकाच नवऱ्यांचे केस कापतात. आपण बसायचं माशा मारत."

"तर काय," म्हणत टेलर पडलेली टाचणी उचलायला वाकला, तेव्हा त्याची मान दिसली. केस कसेतरीच कापलेले, पायऱ्या-पायऱ्यांचे. कात्री नक्कीच कापडाची.

सलूनवाला बोलणारच होता. पण टाचणी सापडली तरी टेलर वाकलेलाच. तो बघत होता सलूनवाल्याच्या पँटकडे. बायकोने कालच ती घरी आखूड केली होती. एक पाय वर, एक खाली.

सलूनवाल्याने पाय मागे ओढले, टेलरने कॉलर वर केली.

समोरच्या टपरीवरून चहावाल्याने आशेने हाक दिली, "दोन कटिंग पाठवू का?"

"नको रे, आत्ताच झाला," सलूनवाला म्हणाला आणि थर्मास हळूच पायाने मशीनमागे सरकवला.