पूजेत बसलेला लॅपटॉप

अखिला न्हाऊन बाहेर आली, तेव्हा टेबलावर लॅपटॉप नव्हता. तो देव्हाऱ्यापुढे होता. खाली मुलांची पुस्तकं, वर पंचांग, मधे लॅपटॉप, झाकणावर चंदनाचे तीन ठिपके. चार्जरही काढून, नीट गुंडाळून, फुलं वाहून शेजारी बसवलेला. आज सरस्वतीपूजा. उद्या विजयादशमीला पुन्हा पूजा होईपर्यंत यातलं काहीही उघडायचं नव्हतं.

अखिलाने आधी घड्याळ पाहिलं.

वर्षभर सासरे रघुपती, म्हणजे अप्पा, घरातली जुनी मराठी सांगत होते आणि ती टाइप करत होती. तंजावूरच्या या घरात देवनागरी कोणाला वाचता येत नव्हती, म्हणून अक्षरं तमिळ आणि भाषा मराठी. म्हणी, ओव्या, लग्नातली गाणी, अशा सहा फायली कायम उघड्या असत. शेवटी कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबल्या की सगळं सेशन जसंच्या तसं राखलं जाई, कर्सरची जागासुद्धा. अप्पांचा यंत्रावर विश्वास नव्हता. रोज उठताना ते विचारत, "राखलेंस की?" मग ती त्यांना दिसेल अशा बेताने दोन्ही कळा दाबी. सासूबाई, अलमेलु अम्मा, शेजारी अवरेक्काय, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलता सोलता हे नाटक पाहून नाक मुरडत.

नऊ दिवसांपूर्वी सांगता सांगताच अप्पांचं तोंड वाकडं झालं. शब्द अर्धा राहिला. त्या दिवशी कळा कोणी दाबल्या नाहीत. इस्पितळाच्या धावपळीत लॅपटॉप तसाच चालू राहिला. अप्पा काल घरी आले, पण वाचा गेली होती आणि ती परत येईल असं डॉक्टर सांगत नव्हते. त्यांच्या बोलण्याचे शेवटचे दोन तास त्या न राखलेल्या सेशनमध्ये होते. झाकण मिटलं तरी चालू राहील असं तिनेच करून ठेवलं होतं. पण चार्जरशिवाय बॅटरी फार तर दुपारपर्यंत टिकणार होती.

तिने अम्मांना सगळं सांगितलं. बॅटरी संपेल, अप्पांचं बोलणं जाईल, फक्त दोन कळा दाबू द्या. अम्मा नैवेद्याचं सुंडल, हरभऱ्याची सुकी उसळ, परतत राहिल्या. आजच्या दिवशी त्यांनी चाळीस वर्षं अप्पांना पेपरसुद्धा वाचू दिला नव्हता.

"बसविलेली सरस्वती मधें उठवीत नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्यां पाहूं."

नवरा सतीशकुमार आईकडे एकदा पाहून स्कूटर धुवायला निघून गेला. तिचीही आज पूजा होती.

बारा वाजले. एक वाजला. पुस्तकांच्या चळतीतून लॅपटॉपच्या पंख्याची बारीक घरघर येत होती. अखिलाचे कान तिथेच होते. दोन वाजता अप्पांच्या गोळ्या आणायला तिला जावंच लागलं. सणामुळे दुकानं बंद. राजवाड्याला वळसा घालून, जुन्या बसस्टँडपर्यंत पायपीट करून ती परतली, तेव्हा साडेतीन झाले होते. घरघर थांबली होती. अम्मांनी देव्हाऱ्याला संध्याकाळची माळ लवकरच घातली होती आणि त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. अखिला अप्पांच्या उशाशी बसून रडली. त्या क्षणी तिला सासूचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. अम्मांनी स्वतः लॅपटॉप उचलून तिच्या हातात दिला. अखिलाने चार्जर लावला. पडदा उजळला. मागचं सेशन परत आणायचं का, असं त्यावर विचारलं होतं. तिने डोळे मिटून 'हो' केलं.

डोळे उघडले तर सहाही फायली हजर होत्या. शेवटचे दोन तास होते. कर्सर त्या अर्ध्या शब्दापाशी लुकलुकत होता. तिने पडदा अप्पांकडे वळवला. त्यांनी तो पाहिला, मग तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. दारात अम्मा उभ्या होत्या.

"म्हटलें नव्हतें तुज? सरस्वती राखते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

अखिलाने सवयीने बोटं खाली नेली आणि थांबली. कंट्रोल आणि एस या दोन कळांवर वाळलेलं चंदन होतं.