बॅप्टिस्ट सरांचा पंखा

"पुढच्या रविवारी येते मी," जेनिफर म्हणाली आणि तिने पांढरा प्लॅस्टिकचा पंखा बापासमोर टेबलावर ठेवला. "यावर लाकडाच्या रेघा काढून दाखवा. जमलं तर खुशाल राहा इथे वटार गावात. नाही जमलं तर बॅग भरायची आणि जूचंद्रला माझ्याकडे यायचं. मग कटकट नाही."

"कटकट तू करतेस," बॅप्टिस्ट सर म्हणाले. "मी गप्पच आहे."

पंखा बोटभर लांब, एका जुन्या लढाऊ विमानाच्या मॉडेलचा. खऱ्या विमानाला असा पंखा फिक्या आणि गडद लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, तासून केलेला असायचा. मॉडेलवाल्याने तोच थाट प्लॅस्टिकवर रंगाने उभा करायचा. आधी फिका पिवळट हात द्यायचा, तो वाळला की वर तपकिरी तैलरंग, आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने केसाएवढ्या रेघा ओढायच्या. सरांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. या कामात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

पण ती झाली जुनी गोष्ट. आता सर पंच्याहत्तरीला आले होते, साखर वाढलेली होती, आणि जेनिफरला त्यांच्या डोळ्यांची शंका येत होती. गेल्या महिन्यात मिस्सा संपल्यावर ती चर्चच्या दारात समोर उभी असताना ते सरळ पुढे निघून गेले. विचारलं तर म्हणाले, "रागावलो होतो तुझ्यावर." डॉक्टरकडे चला म्हटलं की त्यांना वाडीतली कामं आठवायची. आई गेल्यापासून माणूस एकटा, मागे वाडी, वाडीत उघडी विहीर. जेनिफरला खरंच झोप लागत नव्हती.

"आणि जुना पंखा पुढे करायचा नाही. कपाटातले सगळे मी ओळखते."

"तुझ्या त्या अकराव्या मजल्यावर बसून मी काय घारी मोजू?" सर उसळले. "जा तू. आणि येताना एरॉलला घेऊन ये. भिंग आण म्हणावं चांगलं."

एरॉल शेजारच्या आळीतला, सरांचा जुना विद्यार्थी. मॉडेलांच्या प्रदर्शनात तो परीक्षक असायचा.

आठवडाभर जेनिफरने रोज फोन केला. सर "कामात आहे" म्हणून ठेवून द्यायचे. गुरुवारी जरा बोलले.

"जमतंय का, पप्पा?"

"बोट कापलंय. बाकी ठीक."

"रंगवताना बोट कसं कापलं?"

"नारळ सोलताना. आता नारळही तुला विचारून सोलू?"

जेनिफरने फोन ठेवला आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घातली. तिची खात्रीच झाली होती.

रविवारी दुपारी ती एरॉलला घेऊन पोचली, तेव्हा सर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. रंगाचा वास कुठेच नव्हता.

"वासाने तुझं डोकं दुखतं ना," सर म्हणाले. "सगळं आवरून ठेवलं. तो बघ तुझा पंखा. घे आणि हवी तेवढी खोट काढ."

खोट काढायचीच म्हणून तिने तो खिडकीशी नेला. फिकी पट्टी, गडद पट्टी, पुन्हा फिकी. टोकाशी एक इवलीशी गाठ आणि तिला वळसा घालून गेलेल्या बारीक रेघा. वर व्हार्निशचा मंद तजेला. तिने तो एरॉलच्या हातात दिला.

एरॉलने भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"सर, ब्रशचा फटकारा कुठे दिसतच नाही! रेघ कडेवरून वळून मागच्या बाजूलाही बरोबर उतरलीय. इतकी वर्षं मॉडेलं तपासतोय, पण असं काम नाही पाहिलं. मला शिकवा ना हे."

"शिकवतो. आधी हिला जाऊ दे."

जेनिफरला हसूही आलं आणि लाजही वाटली. या माणसाला आपण आंधळा ठरवायला निघालो होतो!

"हरले, पप्पा."

"मोठ्याने बोल."

"हरले! राहा तुम्ही इथेच."

"राहतोच आहे. परवानगी कोणी मागितली होती?"

तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले, गालाची पापी घेतली आणि ती निघाली. एरॉल स्कूटरवरून मागोमाग आला होता आणि स्कूटर तिच्या गाडीमागे उभी होती, ती बाजूला घ्यायला तोही बरोबर गेला.

गाडीपाशी पोचल्यावर तिला आठवलं की पर्स आतच राहिली. ती परत आली, पायरीवर चपला काढल्या आणि घरात शिरली. सर दाराकडे तोंड करून बसले होते. दारातून आलेल्या लख्ख उन्हात ती त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहिली आणि हसली.

सरांनीही तिच्याकडे तोंड केलं.

"गेली का रे, एरॉल? गाडीचा आवाज नाही आला. ये, बस. शिकवतो म्हणालो ना तुला? सोपं आहे. रंगवायला डोळे लागतात रे. चिकूचं आणि फणसाचं लाकूड चिकटवून तासायला नुसती बोटं पुरतात."

जेनिफरने आवाज न करता पर्स उचलली, चपला हातात घेतल्या, अनवाणीच गाडीपर्यंत गेली आणि आत ऐकू जाईल इतक्या जोरात तिने गाडीचं दार लावलं.